सोलापुरातील विनामूल्य माहितीपट प्रदर्शने : पार्श्वभूमी

सोलापुरात समकालीन माहितीपट विनामूल्य दाखवण्याचा जो क्रम सुरू आहे, त्यामागे दोन जुने आणि परस्परविरोधी प्रवाह आहेत. एक सरकारी प्रसिद्धीचा, दुसरा फिल्म सोसायटीचा, म्हणजे वर्गणी भरून एकत्र चित्रपट पाहणाऱ्या मंडळांचा. पहिल्याने दार सर्वांना उघडे ठेवले, पण दाखवायचे काय हे सरकारने ठरवले. दुसऱ्याने निवडीचे स्वातंत्र्य मिळवले, पण दार सभासदांपुरते ठेवले. आजच्या आयोजकांना दोन्ही हवे आहे, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

ब्रिटिश सरकारने महायुद्धाच्या काळात चित्रपटगृहांवर युद्धपटांची सक्ती केली होती. स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, केंद्र सरकारने माहितीपट आणि वार्तापट तयार करण्यासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला आणि प्रत्येक खेळाआधी मान्यताप्राप्त लघुपट दाखवणे ही परवान्याची अट झाली. त्यासाठी चित्रपटगृहाला आपल्या उत्पन्नातून सुमारे एक टक्का भाडे सरकारला द्यावे लागे. ज्या प्रेक्षकाने मुख्य चित्रपटासाठी तिकीट काढले होते, त्याला धरणांचे आणि पंचवार्षिक योजनांचे कृष्णधवल वार्तापट आपसूक पाहावे लागत. अनेकजण तेवढा वेळ बाहेर चहा घेत उभे राहत. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती वैध ठरवली, तरी नंतरच्या काळात ती प्रत्यक्षात विरत गेली. गावोगावी सरकारी गाडी येऊन सोळा मिलिमीटरच्या पट्टीवर चित्रपट दाखवत असे. विनामूल्य आणि खुल्या प्रदर्शनाची पहिली सवय लोकांना तिनेच लावली, हे मान्य केले पाहिजे. ‘माहितीपट म्हणजे सरकारी फिल्म’ हा समजही त्याच काळातला आहे, आणि तो पुसायला आजही श्रम पडतात.

फिल्म सोसायट्यांचा देशव्यापी महासंघ १९५९ मध्ये झाला. त्यांच्या सभासदांपुरत्या खेळांना सेन्सॉर प्रमाणपत्राच्या अटीतून सवलत मिळत असे आणि त्या बळावर परदेशी चित्रपट जिल्ह्याच्या गावांतही पोहोचले. मात्र वार्षिक वर्गणी, ठरावीक वर्तुळ आणि इंग्रजी उपशीर्षके यांमुळे गिरणी कामगार किंवा यंत्रमागावर राबणारा विणकर तिथे क्वचितच दिसे.

खरे वळण २००४ चे आहे. मुंबईतील सरकारी आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवाने भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली, परदेशी चित्रपटांना मात्र घातली नाही. दिग्दर्शकांनी एकजुटीने विरोध केल्यावर अट मागे घेतली गेली. पण निवडीत अनेक महत्त्वाचे चित्रपट वगळले गेले, तेव्हा दिग्दर्शकांनी शेजारीच समांतर महोत्सव भरवला. त्यातले चित्रपट पुढे डीव्हीडीवरून गावोगावी गेले. प्रोजेक्टर तोवर महाविद्यालयांच्या आवाक्यात आले होते. त्या वर्षांतल्या भारनियमनात खेळ मध्येच थांबणे नेहमीचेच होते, तरीही लोक अंधारात बसून राहत.

सोलापुरातला सर्वांत मोठा वाद मात्र दाराचा आहे. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार सार्वजनिक प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागते, आणि सार्वजनिक प्रदर्शन म्हणजे नेमके काय, याची व्याख्या मूळ कायद्यात नाही. तिकीट नाही म्हणून प्रमाणपत्र नको, असे अनेकांना वाटते. ते बरोबर नाही. तिकीट नसल्यामुळे करमणूक कराचा प्रश्न सुटत असे, आणि तो कर २०१७ मध्ये वस्तू व सेवा करात विलीन झाला. प्रमाणपत्राचा प्रश्न पैशांवर अवलंबून नाही. म्हणून एका बाजूचे म्हणणे होते की नाममात्र सभासदत्व ठेवावे, दारात नोंदवही ठेवून नाव आणि फोन क्रमांक घ्यावा, म्हणजे खेळ खासगी ठरेल. दुसऱ्या बाजूने विचारले की दिवसभर विड्या वळून, त्या कारखान्यात जमा करून संध्याकाळी येणारी बाई अनोळखी वहीत आपला नंबर का लिहील? शेवटी नोंदवही ऐच्छिक झाली आणि दार उघडे राहिले. हा निर्णय योग्यच होता. त्याची किंमतही मोठी आहे : प्रमाणपत्र नसलेले आणि बहुधा सर्वांत धारदार असलेले माहितीपट यादीतून आपोआप गळतात, आणि सभागृह देणाऱ्या संस्था आधी प्रमाणपत्राची प्रत मागतात.

अलीकडे हा मार्ग आणखी अरुंद झाला आहे. प्रमाणपत्राविरुद्ध अपील ऐकणारे न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द झाले, त्यामुळे एकट्याने चित्रपट बनवणाऱ्या दिग्दर्शकाला थेट उच्च न्यायालय गाठावे लागते. १९४८ चा तो विभाग २०२२ मध्ये दुसऱ्या सरकारी महामंडळात विलीन झाला. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत कायद्यातून काढली. जुने चित्रपट पुन्हा दाखवण्यासाठी ती गोष्ट उपयोगी आहे.

प्रेक्षकाला विनामूल्य म्हणजे दिग्दर्शकालाही फुकट, असे होऊ नये, यावर आता सर्वांचे एकमत आहे. मानधन लहान असले तरी दिले जाते, ते खेळानंतर फिरणाऱ्या पेटीतून आणि काही व्यक्तींच्या देणगीतून उभे राहते. भाषेचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. शहराच्या पूर्व भागातल्या घरांत तेलुगू बोलली जाते, काही वस्त्यांत कन्नड आणि दखनी, आणि बहुतेक माहितीपटांची उपशीर्षके इंग्रजीत असतात. सध्या खेळाआधी मराठीत सारांश सांगितला जातो. चित्रपट तासाभराचा असेल तर तो पुरतो, दीड-दोन तासांच्या चित्रपटाला पुरत नाही. उपशीर्षके मराठीत करून घेण्यासाठी दिग्दर्शकाची परवानगी आणि बरेच श्रम लागतात. त्यासाठी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा एक गट तयार करण्याचे काम सुरू आहे.