गाणे गाडीत, बोलणे खिशात: मोटारीतील बिनतारी जोडणीची पार्श्वभूमी

धुळ्याहून जळगावकडे निघालेली गाडी पारोळा ओलांडते, स्पीकरमधून गाणे छान वाजत असते आणि तेवढ्यात जिभाऊंचा फोन येतो. गाणे थांबते, पडद्यावर नावाच्या जागी पाच रिकामे चौकोन उमटतात आणि जिभाऊंचा आवाज स्पीकरमधून न येता चालवणाऱ्याच्या खिशातून बारीकसा ऐकू येतो. अशा वेळी आपण "ब्लूटूथ बिघडले" एवढे म्हणून मोकळे होतो. पण गाणे, बोलणे आणि नाव या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या नियमावल्यांनुसार फोनमधून गाडीत येतात. त्या वेगवेगळ्या गरजांतून तयार झाल्या, आणि त्यांतली एक नीट चालते म्हणून दुसरी चालेलच असे नाही. दुरुस्तीला बसण्यापूर्वी हा इतिहास ठाऊक असला, तर निम्मा वेळ वाचतो.

मोटारीत आवाज आणण्याची खटपट सुरू झाली तीच मुळी बिघाड शोधण्यापासून. १९३० मध्ये अमेरिकेतील पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने मोटारीत बसवता येईल असा रेडिओ तयार केला आणि गॅल्विन तो आपल्या गाडीत बसवून शिकागोहून अटलांटिक सिटीच्या रेडिओ उत्पादकांच्या संमेलनाला गेले. 'मोटोरोला' हे नाव त्याच रेडिओचे. ते कंपनीला नंतर मिळाले. रेडिओ बनवण्यापेक्षा अवघड काम होते इंजिनाची खरखर थांबवण्याचे, कारण स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी स्वतःच एक छोटे प्रक्षेपण करते आणि ते रेडिओच्या एरियलवर उमटते. आजही जुन्या जीपमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून चढत जाणारी शिट्टी ऐकू येते. ती अल्टरनेटरची असते, आणि ब्लूटूथ बंद केले तरी ती थांबत नाही. म्हणून अशा तक्रारीत फोन बाजूला ठेवून आधी सेटची अर्थिंगची तार गाडीच्या सांगाड्याला उघड्या धातूवर घट्ट बसली आहे का, ते पाहावे. रंगावर किंवा गंजावर आवळलेला स्क्रू पुरेसा नसतो.

खानदेशात गाडीतले संगीत बराच काळ कंपनीकडून आलेच नाही. रेडिओ बाळगायला टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे, तो नियम १९८० च्या दशकात संपला. त्यानंतर काळीपिवळीत आणि जीपमध्ये टेप आला, डॅशबोर्डवर अहिराणी गाण्यांच्या कॅसेटींची चळत आली, आणि सेट बसवून देणारी दुकाने तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली. जर्मन मानकातून आलेले १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असे खोबणीचे माप त्यामुळे आपल्याकडील प्रत्येक कारागिराच्या हाताला पाठ झाले. तारांचे रंगही असेच पाठ झाले: पिवळी तार बॅटरीची कायमची, लाल तार चावी फिरवल्यावर वीज देणारी, काळी अर्थची. मात्र काही गाड्यांच्या सॉकेटमध्ये पिवळ्या आणि लाल तारेच्या जागा उलट असतात, आणि काही कारागीर बॅटरी उतरू नये म्हणून दोन्ही तारा चावीवरच जोडून टाकतात. अशा वेळी गाडी बंद झाली की सेट घड्याळ विसरतो, रेडिओची केंद्रे विसरतो आणि बऱ्याच सेटमध्ये जोडलेला फोनही विसरतो. रोज सकाळी फोन नव्याने जोडावा लागत असेल आणि घड्याळही रोज बारावर येत असेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये शोधण्यासारखे काही नसते. हे दुखणे ब्लूटूथच्याही आधीचे आहे.

मोबाइल आला तेव्हा गाडीतल्या सेटला त्याची माहिती नव्हती, पण चाहूल लागत असे. फोन वाजण्याच्या क्षणभर आधी स्पीकरमधून येणारी ती 'टर्र टर्र टर्र' अनेकांना आठवत असेल. त्या काळचा जीएसएम पद्धतीचा फोन सलग न बोलता सेकंदाला सुमारे २१७ तुकड्यांत बोलत असे, आणि त्या तुकड्यांचा ठेका ॲम्प्लिफायरच्या तारा पकडत. फोनमधली गाणी सेटमध्ये आणायची तर ऑक्सची पिन, कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर, नाहीतर सिगारेट लायटरमध्ये खोचायचा छोटा एफएम प्रक्षेपक, एवढेच मार्ग होते. हा प्रक्षेपक रिकाम्या लहरीवर लावावा लागे, आणि शहर जवळ आले की खऱ्या केंद्राची गाणी त्याच्यावर चढत.

बिनतारी जोडणीचे मूळ स्वीडनमधील लुंड या गावी एरिक्सन कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. याप हार्टसेन या डच अभियंत्याने तेथे १९९४ पासून कमी अंतराच्या, कमी विजेच्या रेडिओ दुव्यावर काम केले. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी एकत्र येऊन त्याची सामाईक संघटना काढली. डेन्मार्कचा दहाव्या शतकातील राजा हॅराल्ड ब्लूटूथ याचे नाव तात्पुरते म्हणून घेतले गेले आणि तेच कायम झाले. हा दुवा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ७९ वाहिन्यांवरून सेकंदाला १,६०० वेळा उड्या मारत चालतो. एका वाहिनीवर गोंगाट असला तरी पुढची उडी मोकळ्या वाहिनीवर पडते, म्हणून एकाच गाडीत चार जणांचे चार फोन असूनही संदेश सहसा गुंतत नाहीत. भारतात हा पट्टा २००५ मध्ये घराबाहेरच्या वापरासाठीही परवानामुक्त झाला.

गाडीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. ब्लूटूथ हा नुसता रस्ता आहे. त्यावरून काय न्यायचे, हे ठरवणाऱ्या नियमावल्यांना 'प्रोफाइल' म्हणतात. हातात फोन न धरता बोलण्याची नियमावली मोटारींसाठी नेमलेल्या कार्यगटाने केली, कारण गाडी चालवताना फोन हातात धरण्यावर देशोदेशी बंदी येऊ लागली होती. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने हातातला फोन वापरत गाडी चालवणे धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमात स्पष्टपणे घातले. स्टीरिओ गाण्यांची नियमावली मात्र वेगळी झाली. दोन्ही २००३ च्या सुमारास स्थिरावल्या, पण त्यांचा स्वभाव निराळा राहिला. गाण्याला उशीर चालतो, म्हणून गाणे थोडे साठवून, हरवलेला तुकडा पुन्हा मागवून वाजवले जाते. संभाषणाला उशीर चालत नाही, म्हणून त्याचे तुकडे ठरलेल्या वेळी जसे येतील तसे वाजवले जातात. गाणे स्वच्छ आणि कॉल मात्र तुटक, ही तक्रार येथून जन्मते. शिवाय जुन्या नियमावलीत बोलण्याचा आवाज सेकंदाला ८,००० नमुन्यांवर भागवला जाई; तो १६,००० वर नेण्याची सोय २०११ मध्ये आली. त्याआधीच्या सेटवर समोरच्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला, तर तो त्या सेटचा धर्मच आहे.

जिभाऊंचा आवाज खिशातून का आला, याचे उत्तर या दोन वाटांत आहे. अँड्रॉइड फोनमध्ये जोडलेल्या गाडीच्या नावापुढील चक्रावर बोट ठेवले की 'फोन कॉल' आणि 'मीडिया ऑडिओ' अशी दोन वेगळी बटणे दिसतात. कधी पहिले बंद पडलेले असते. कधी जोडणीच्या वेळी आलेल्या परवानगीच्या चौकटीवर घाईत नकार दिला गेलेला असतो. गाडीत दुसरा फोनही जोडलेला असेल, तर अनेक सेट एका फोनची गाणी आणि दुसऱ्याचे कॉल असे वाटून घेतात. लग्नसराईत एकच गाडी घरभर फिरते, प्रत्येक भाचा आपला फोन जोडतो आणि मूळ मालकाचा फोन यादीत खाली जातो, कारण सेटच्या स्मरणात मोजक्याच फोनांची जागा असते.

जोडणीचाही इतिहास आहे. सुरुवातीला सेट ०००० किंवा १२३४ असा आकडा मागत असे; २००७ च्या आवृत्तीपासून दोन्हीकडे तोच सहा आकडी क्रमांक दाखवून 'हो' म्हणण्याची पद्धत आली. पद्धत कोणतीही असो, शेवटी फोन आणि सेट दोघेही एक गुप्त किल्ली आपापल्याकडे जपून ठेवतात. किल्ली एकाकडून पुसली गेली आणि दुसऱ्याकडे राहिली, तर दोघे एकमेकांना ओळखतात पण दार उघडत नाहीत. माझ्या गाडीचे असेच झाले होते. मी फोनमधून गाडीचे नाव चार वेळा काढून चार वेळा जोडले. शेवटी सेट बसवणाऱ्याने पडद्यावरील यादी उघडली, माझ्या जुन्या फोनासकट सगळी नावे पुसली आणि म्हणाला, "दोन्हीकडून पुसा भाऊ, एकीकडून पुसून काय उपयोग?" सर्वसाधारण दुरुस्तीतला हाच सर्वांत फलदायी उपाय आहे, आणि तो करण्याआधी सेट किंवा फोन बदलण्याचा विचार करू नये.

आता ते पाच चौकोन. संपर्कांची नावे गाडीत नेणारी नियमावली तिसरी आहे, आणि ती 'जिभाऊ' हे नाव बिनचूक पोहोचवते: ज, वेलांटी, भ, काना, ऊ, असे पाच संकेतांक. जगभरच्या लिप्यांतील अक्षरांना संकेतांक देणाऱ्या युनिकोड या मानकात देवनागरी १९९१ पासून आहे. अडचण एवढीच की सेट बनवणाऱ्याने त्यात देवनागरीचा टंक घातलेलाच नसतो, त्यामुळे प्रत्येक संकेतांकासाठी एक रिकामा चौकोन काढला जातो. भारतात विकल्या जाणाऱ्या सेटमध्ये भारतातली लिपी नसावी, ही कंजुषी मला अजून उमगलेली नाही. निर्मात्याने सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती दिली नाही, तर मालकाच्या हाती नाव रोमन लिपीत साठवण्यापलीकडे काही राहत नाही.

स्मार्टफोनचा पडदाच गाडीत आणण्याचा टप्पा २०१४ चा. त्या वर्षी ॲपलने कारप्ले आणि गूगलने अँड्रॉइड ऑटो जाहीर केले. दोन्ही प्रथम केबलवर चालत, आणि केबल फक्त चार्जिंगची असली, म्हणजे तिच्यात माहितीच्या तारा नसल्या, तर पडदा येत नसे. बसस्थानकासमोर घेतलेल्या केबलींनी या बाबतीत पुष्कळांना फसवले. पुढे केबलही गेली. बिनतारी कारप्लेची सोय २०१५ च्या आयओएस ९ या आयफोनच्या प्रणालीत आली आणि अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून, बहुतेक अँड्रॉइड फोनांना बिनतारी अँड्रॉइड ऑटो मिळाले. पण पडद्याचे चित्र ब्लूटूथच्या रुंदीत मावत नाही. म्हणून ब्लूटूथ केवळ ओळख पटवून देते आणि पुढचा कारभार गाडीच्या स्वतःच्या वायफायवर, बहुधा ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. भारतात हा पट्टा आधी बंदिस्त जागेपुरता मोकळा होता. बाहेरच्या वापरासाठी तो २०१८ मध्ये खुला झाला.

यामुळे बिघाडाची जागाही सरकली. फोनचे वायफाय बंद असेल, हॉटस्पॉट चालू असेल किंवा व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या वाटेने वळवणारे ॲप) मध्ये येत असेल, तर ब्लूटूथ जोडलेले दिसते आणि पडदा मात्र कोराच राहतो. एक फरक येथे उपयोगी पडतो: बिनतारी कारप्लेत कॉलचा आवाजही वायफायवरून जातो, तर अँड्रॉइड ऑटोत कॉल जुन्या ब्लूटूथच्या वाटेनेच जातात. म्हणून अँड्रॉइड फोनवर नकाशा आणि गाणे सुरळीत असताना कॉल गाडीत येत नसेल, तर तपास पुन्हा त्या 'फोन कॉल'च्या बटणापाशी येऊन थांबतो.

उन्हाळ्याचा हिशोब मात्र कोणत्याच नियमावलीत नाही. आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा, असे ॲपल सांगते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या आसपास जातो. काचेखालच्या चार्जिंगच्या तबकडीवर ठेवलेला फोन नकाशा, वायफाय आणि चार्जिंग एकदम सांभाळताना तापतो, आधी चार्जिंग थांबवतो, मग पडदा मंद करतो आणि शेवटी जोडणी सोडतो. फोन एसीच्या झोतासमोर धरला की ती परत येते. तोरणमाळच्या घाटात गाणे थांबते ते वेगळ्याच कारणाने: तेथे मोबाइलचे नेटवर्क जाते आणि इंटरनेटवरून येणारे गाणे फोनपर्यंतच पोहोचत नाही. फोनमध्ये आधी उतरवून ठेवलेले गाणे लावून पाहावे. ते सलग वाजले, तर गाडी, सेट आणि ब्लूटूथ तिघेही ठणठणीत आहेत.