पंखाच्या सावलीत शेपटी

९ जून २०२५ ला सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याचं विमान उडालं आणि तीनच दिवसांनी अहमदाबादचा विमान अपघात झाला. गावात इतकी वर्षं चर्चा होती ती विमान येणार कधी आणि विमानाच्या वाटेतली साखर कारखान्याची चिमणी पाडली ते बरं की वाईट याची. त्या दुपारनंतर ती भलतीकडेच वळली. चॅनेलवाले ॲनिमेशन लावून 'स्टॉल, स्टॉल' करत होते आणि आमच्या कट्ट्यावर एकाने अर्थही सांगून टाकला, "इंजिन बंद पडलं की बे! चढावर गाडी पडते तसं."

अहमदाबादला काय झालं हा तपासाचा विषय आहे, मी त्यात शिरत नाही. पण स्टॉलचा हा अर्थ साफ चुकीचा आहे. सोलापूरकराला स्टॉल म्हणजे गड्ड्याच्या जत्रेतला भज्यांचा स्टॉल आणि मोटारवाल्याला इंजिन बंद पडणं. विमानातला स्टॉल हा तिसराच प्रकार, आणि तो इंजिनात होत नाही, पंखावर होतो. इंजिनं पूर्ण जोरात असतानाही विमान स्टॉल होऊ शकतं. उलट ग्लायडरला इंजिनच नसतं, तरी ते तासन्‌तास मजेत तरंगतं.

पंढरपूरच्या एसटीत खिडकीशी बसून लहानपणी सगळ्यांनीच एक प्रयोग केलेला असतो. (आता करू नका. कंडक्टर ओरडेल, आणि त्याचं बरोबरच असेल.) तळहात आडवा धरून बाहेर काढला की हवा सुरीसारखी कापली जाते. अंगठ्याकडची कड जराशी उचलली की हात आपोआप वर जातो. आणखी उचलला की आणखी वर. पण एका मर्यादेनंतर हात वर जायचा थांबतो, थरथरतो आणि मागे फेकला जातो. एसटीचा वेग तोच आहे, हाताचा आकारही तोच. बदलला तो फक्त समोरून येणाऱ्या हवेशी हाताने केलेला कोन. वैमानिक याला अँगल ऑफ अटॅक म्हणतात. आपण नुसतं 'हवेचा कोन' म्हणू. साधारण पंधरा अंशांपर्यंत हवा पंखाच्या पाठीला चिकटून वाहते. त्यापुढे ती सुटते, पाठीवर भोवरे माजतात आणि उचलण्याचं बळ ढासळतं. हा स्टॉल.

बहुतेक विमानं यातून शहाण्यासारखी सावरतात. पंखाचं बळ गेलं की नाक आपसूक खाली झुकतं, कोन कमी होतो, वेग येतो आणि हवा पुन्हा चिकटते. म्हणूनच नव्या विमानाच्या चाचण्यांमध्ये ते मुद्दाम स्टॉल करून पाहतात. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा, बदलून, वजन मागे सरकवून.

२२ ऑक्टोबर १९६३ ला इंग्लंडात माइक लिथगो हेच करत होते. ते काही नवशिके नव्हते. दहाच वर्षांपूर्वी लिबियात सुपरमरीन स्विफ्ट हे लढाऊ विमान ताशी ११८४ किलोमीटर वेगाने उडवून त्यांनी जागतिक विक्रम केला होता. आता हाताखाली होतं बीएसी या ब्रिटिश कंपनीच्या वन-इलेव्हन या प्रवासी जेटचं पहिलं नमुना विमान. त्याचं पहिलं उड्डाण होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्या दिवशी गुरुत्वमध्य मुद्दाम मागे ठेवून स्टॉलमागून स्टॉल चालले होते. सुमारे सोळा हजार फुटांवर घेतलेल्या एका स्टॉलमधून विमान सावरलंच नाही. नाक जवळपास क्षितिजाशी समांतर ठेवून ते खाली, सरळ खाली येत राहिलं, मिनिटाला दहा हजार फुटांच्या आसपास. विल्टशायरमधल्या चिकलेड गावाजवळ ते सपाट पोटावर आदळलं. लिथगो आणि त्यांचे सहा सहकारी, सगळे गेले.

विमान नाकाने सूर मारत नव्हतं, गिरक्याही घेत नव्हतं. मोडतोड होण्याआधीच ते उडायचं थांबलं होतं. नाक आडवं आहे, इंजिनं आहेत, पंख शाबूत आहेत, मग पडतंय का?

इथे ती गंमत आहे, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. हवेचा कोन जमिनीच्या संदर्भात मोजत नाहीत, समोरून येणाऱ्या हवेच्या संदर्भात मोजतात. नाक आडवं असलेलं विमान जितक्या वेगाने पुढे जातंय तितक्याच वेगाने खाली पडत असेल, तर त्याच्या दृष्टीने हवा समोरून येतच नाही, ती पंचेचाळीस अंशांतून खालून येते. म्हणजे खिडकीतून क्षितिज अगदी सरळ दिसत असताना पंखाचा हवेशी कोन पंचेचाळीस! पंख पुरता स्टॉल झालेला असल्याने विमान पडतं, आणि पडत असल्याने कोन मोठाच राहतो. दोघं एकमेकांना धरून बसतात. याला डीप स्टॉल म्हणतात.

मग नाक खाली का करत नाहीत? ते काम शेपटीचं. वन-इलेव्हनची इंजिनं मागे, धडाच्या दोन्ही बाजूंना होती. म्हणून आडवी शेपटी उभ्या शेपटीच्या अगदी टोकावर बसवलेली, इंग्रजी 'टी'सारखी. रोजच्या उड्डाणात ही जागा उत्तम, तिथे स्वच्छ हवा मिळते. पण कोन तीस-चाळीस अंशांवर गेला की पंखाच्या पाठीवरून सुटलेला भोवऱ्यांचा पट्टा वर-मागे जातो आणि नेमकी ही उंच शेपटी त्याच्या सावलीत सापडते. ज्या हवेवर जोर टाकून नाक खाली ढकलायचं तीच मेलेली. वन-इलेव्हनमध्ये आणखी एक अडचण होती. एलेव्हेटर, म्हणजे शेपटीचा हलणारा भाग, वैमानिक छोट्या पट्ट्यांमार्फत हवेच्याच जोराने हलवत असे. त्या पट्ट्याही सावलीत. खालून येणाऱ्या हवेने एलेव्हेटर उलटा, वरच्या बाजूला ढकलला गेला. हातातली दांडी, म्हणजे स्टिक, पूर्ण पुढे दाबूनही तो खाली येण्यातला नव्हता.

आता थोडं अवघड. ज्यांना आलेखाचा कंटाळा आहे त्यांनी पुढचा परिच्छेद ओलांडला तरी चालेल. आडव्या अक्षावर हवेचा कोन घ्या, उभ्यावर नाक वर-खाली वळवणारं आघूर्ण, म्हणजे पिचिंग मोमेंट. वर म्हणजे नाक उचलणारं, खाली म्हणजे नाक दाबणारं. चांगल्या विमानाची रेषा उतरती असते आणि शून्याला एकदाच छेदते. कोन वाढला की नाक दाबलं जातं, कमी झाला की उचललं जातं. उंच शेपटीच्या विमानात शेपटी सावलीत शिरली की रेषा मध्येच वर वळते, शून्य ओलांडते आणि आणखी मोठ्या कोनाला पुन्हा उतरून तिसऱ्यांदा शून्याला छेदते. मधला छेद अस्थिर, पण तिसऱ्या छेदापाशी उतार पुन्हा खालचा. म्हणजे स्थिर! गुरुत्वमध्य मागे सरकवाल तितकी अख्खी रेषा वर सरकते आणि हा सापळा पक्का होतो.

संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारा माणूस पाहिलाय? एवढा उंच ध्वज उभा राहतो तो त्या माणसाच्या सततच्या सावरण्यामुळे. लक्ष सुटलं की कलला. हा झाला मधला छेद. तिसरा छेद म्हणजे खोल वाडग्यात पडलेली गोटी. ढकला, ती परत तळाशीच येते. आपण 'स्थिर' हा शब्द नेहमी चांगल्या अर्थाने वापरतो. डीप स्टॉलमध्ये अडकलेलं विमान अतिशय स्थिर असतं.

वन-इलेव्हन पहिलं नव्हतं. १९५३ मध्ये ग्लॉस्टर जॅव्हलिन या उंच शेपटीच्या लढाऊ विमानात पीटर लॉरेन्स असेच गेले. आणि लिथगोंनंतरही, १९६६ मध्ये ट्रायडंट या टी-शेपटीच्या प्रवासी जेटच्या चाचणीत चौघे गेले. वन-इलेव्हनच्या अवशेषांतला फ्लाइट रेकॉर्डर शाबूत मिळाला, म्हणून शेवटच्या दीड मिनिटाचा हिशेब लागला. बीएसीने तो इतर विमान कंपन्यांनाही कळवला, धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्यांना. वन-इलेव्हनचा एलेव्हेटर पुढे हायड्रॉलिक जोराने चालवला गेला, पंखाची पुढची कड बदलली, चाचणीच्या विमानांना शेपटीत पॅराशूट दिलं, जे उघडलं की शेपटी वर ओढली जाते आणि नाक खाली येतं. १९६४ मध्ये दुसऱ्या एका वैमानिकाला आपण डीप स्टॉलमध्ये सापडलोय असं वाटलं आणि त्याने ते उघडलं. विमान खरं तर सापडलेलं नव्हतं. पण आता मागे ओढणारं पॅराशूट! शेवटी सॉल्सबरीच्या माळावर पोटावर उतरावं लागलं. सगळे वाचले.

सर्वांत महत्त्वाची भर म्हणजे स्टिक शेकर आणि स्टिक पुशर. विमानाच्या नाकाजवळ दोन्ही बाजूंना बारीक फिरती पाती असतात. ती हवेची दिशा मोजतात. कोन धोक्याकडे गेला की आधी वैमानिकाच्या हातातली दांडी खडखडते आणि तरी ऐकलं नाही तर यंत्र ती दांडी स्वतःच पुढे ढकलतं. विमान त्या गोटीच्या वाडग्याच्या काठापर्यंत पोहोचूच द्यायचं नाही, एवढाच हेतू.

आपल्याकडेही नव्या विमानांच्या चाचण्यांत माणसं गेली आहेत. मारुत हे भारतीय लढाऊ विमान पहिल्यांदा उडवणारे ग्रुप कॅप्टन सुरंजन दास १० जानेवारी १९७० ला मारुतच्याच नव्या नमुन्यात बंगळुरूला गेले. ६ मार्च २००९ ला 'सरस' या छोट्या भारतीय प्रवासी विमानाचा दुसरा नमुना बंगळुरूजवळच्या बिदादीपाशी पडला; उडताना एक इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्याची चाचणी चालली होती. तिघे गेले. या दोन्हींची कारणं वेगळी, डीप स्टॉल नव्हे.

सोलापूरहून गोव्याला जाणारं एटीआर ७२-६०० पाहिलंत तर शेपटी टीचीच आहे. घाबरू नका. त्यात पुशर आहे.

आमच्या भाच्याला मात्र पुशर नको होता, ११ए हवी होती. अहमदाबादच्या अपघातात वाचलेला एकटा प्रवासी ११ए वर होता, म्हणून ती 'लकी सीट' असं त्याने मोबाइलवर वाचलेलं. त्या बोइंगची ११ए आपत्कालीन दाराजवळ होती आणि एटीआर हे पूर्ण वेगळं विमान आहे, हे मी सांगून पाहिलं. अंकाला भूगोल नसतो, त्यामुळे उपयोग झाला नाही. एटीआरला प्रवाशांचं दार मागे असतं, तिथली शिडी चढताना ती टी डोक्याच्या जरा मागे, वर दिसते. भाचा तिथे मान वर करून थांबला, मागच्यांनी ढकललं तेव्हा आत गेला. ११ए कुणी आधीच घेतली होती. त्याला मिळाली १४डी, आणि मागून चढल्यामुळे तीच आधी आली.