प्रतिष्ठानांचे आरोग्य-अनुदान

वैद्यकीय सेवा जिथे तोकडी पडते अशा गावांत व वस्त्यांत काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेला एखाद्या न्यासाने किंवा प्रतिष्ठानाने ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीसाठी दिलेला निधी. तो फेडायचा नसतो, म्हणून तो कर्ज नव्हे. पण त्याचा पैन्‌पैचा हिशेब द्यावा लागतो, म्हणून नुसती देणगीही नव्हे. प्रस्ताव, छाननी, करार आणि मग हप्ते असा त्याचा प्रवास. पुढचा हप्ता बहुधा आधीच्या कामाचा अहवाल पाहून सुटतो.

मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली उभे राहिले ते सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून. इमारतीसाठी दिलेला पैसा डोळ्यांना दिसतो. गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्तीच्या मानधनावर आणि वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदींवर झालेला खर्च तसा दिसत नाही, आणि अनुदानाचे खरे मोल तिथेच कळते.

गडचिरोली हे त्याचे ठळक उदाहरण. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. बाळंतपणे घरीच होत आणि आजारी तान्ह्या बाळाला दवाखान्यात न्यायला आईबाप सहसा तयार नसत. तेव्हा उपचारच घरी न्यायचे ठरले. १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत हा प्रयोग झाला. तुलनेसाठी आणखी ४७ गावे होती. गावातल्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवले गेले: बाळाचे वजन करणे, ताप पाहणे, ऊब देणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे. त्या ४७ गावांच्या तुलनेत नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या कामाला मॅकआर्थर व फोर्ड या अमेरिकी प्रतिष्ठानांनी अर्थसाहाय्य दिले होते. पहिली दोन-तीन वर्षे फक्त जन्म-मृत्यूची मोजदाद व निरीक्षण यांतच गेली. एका वर्षात आकडे मागणाऱ्या अनुदानावर हे काम उभेच राहिले नसते.

परदेशी निधीसाठी विदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणी लागते. त्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने मिळालेला परदेशी निधी दुसरीला देणे बंद केले. मोठ्या संस्थेच्या आधाराने चालणाऱ्या लहान संस्थांची त्यामुळे वाट अडली. देशांतर्गत निधीचा मोठा स्रोत म्हणजे कंपनी कायदा २०१३ मधील सामाजिक दायित्वाची तरतूद: पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्च करायची. मात्र कंपनीच्या परिसरातील भागाला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. कारखाने जिथे नाहीत अशा दुर्गम तालुक्यांना ते जाचते.

अनुदानाची मुदत संपल्यावर काम कोण उचलणार, हा प्रश्न करारातच विचारायला हवा. गडचिरोलीच्या पद्धतीची आधी महाराष्ट्रातील सात ठिकाणी इतर संस्थांमार्फत पडताळणी झाली. मग २०११ मध्ये केंद्र सरकारने ती राष्ट्रीय कार्यक्रमात घेतली. बाळ दवाखान्यात जन्मले असेल, तर आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येते. घरी जन्मले असेल, तर पहिल्याच दिवशी आणखी एक फेरी होते.