मुरगळलेला घोटा काय विसरतो

राजगडाच्या चोर दरवाजातून गुंजवण्याकडे उतरताना जिथे कातळाला धरून एकेक पाऊल टाकावं लागतं, तिथे मला काही झालं नाही. पाय मुरगळला तो पार खाली, गाव दिसायला लागल्यावर. चवड्याखालचा मुठीएवढा दगड फिरला, पाऊल आत वळलं, 'कट्ट' असा बारीक आवाज आला आणि मी मटकन खाली बसलो. गावात पोहोचेपर्यंत उजव्या पायाच्या बाहेरच्या घोट्यापुढे अर्ध्या लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं.

चढताना पाय क्वचित मुरगळतो, उतरताना जास्त. जिन्याची शेवटची पायरी चुकली की, कबड्डीत उडी मारून खाली आलं की, तेच. याचं मोठं कारण हाडांच्या घडणीत आहे. नडगीचं हाड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाचं बारीक हाड, म्हणजे फिब्युला, यांची खालची टोकं मिळून एक खोबण होते. आपल्या हाताला लागणारे दोन घोटे म्हणजे त्या खोबणीच्या दोन भिंती. आत बसतं ते टॅलस नावाचं हाड. शरीराचा सगळा भार त्याच्यावरून पावलात उतरतो, पण त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. शेजारची हाडं आणि लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारे चिवट पट्टे, यांनीच त्याला जागेवर धरलेलं असतं.

या टॅलसचा वरचा भाग पुढे रुंद आणि मागे अरुंद असतो. चवडा वर ओढला की रुंद भाग खोबणीत पाचरीसारखा घट्ट बसतो. चवडा खाली झुकला की अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल पडतो. खुर्चीत बसल्या बसल्या करून पाहा: चवडा वर ताणून पाऊल आत-बाहेर हलवा, मग चवडा खाली करून हलवा. फरक लगेच कळतो. उतारावर पाऊल नेमकं या सैल अवस्थेत जमिनीला टेकतं.

आता दोन्ही घोटे चाचपा. बाहेरचा घोटा आतल्यापेक्षा खाली उतरलेला असतो, त्यामुळे पाऊल बाहेर वळायला लागलं की ते लवकर अडतं. शिवाय आतल्या बाजूचं लिगामेंट पंख्यासारखं पसरलेलं आणि दणकट आहे. बाहेरच्या बाजूला मात्र तीन सुटे पट्टे, आणि त्यातला पुढचा सगळ्यात कमजोर. पाऊल आत वळलं की बहुतेक वेळा पहिला तोच ताणला जातो किंवा फाटतो.

हाड मोडलंय की नुसती लचक आहे, हे सूज बघून ठरत नाही. कॅनडातल्या ओटावा इथे इयान स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली यासाठी साधे नियम मांडले, ते आज जगभर वापरतात. दोन्हीपैकी कुठल्याही घोट्याच्या टोकावर, किंवा तिथून वर ६ सेंटीमीटरपर्यंत हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखतं का? करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर जो हाडाचा उंचवटा लागतो, तिथे किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दुखतं का? दुखापतीनंतर लगेच आणि दवाखान्यातही, लंगडत का होईना, चार पावलं टाकता येत नाहीत का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर एक्स-रे काढायचा. करंगळीमागचं ते हाड फार फसवं आहे. ब्रिटिश अस्थिशल्यविशारद रॉबर्ट जोन्स यांचं ते नाचता नाचता मोडलं होतं, आणि १९०२ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला. बुडाजवळच्या त्या फ्रॅक्चरला आजही त्यांचंच नाव आहे.

माझे नियम तपासून झाले, हाड शाबूत होतं. पहिले दोन दिवस पाय उशीवर, क्रेप बँडेज, कापडात गुंडाळलेला बर्फ. आईने आंबेहळदीचा लेप लावला, त्याला माझी हरकत नव्हती. हरकत आहे ती चोळण्याला आणि पाय ओढून 'जागेवर बसवण्या'ला. लचकलेल्या घोट्यात जागेवरून काही हललेलंच नसतं, मग बसवणार काय? फाटलेला पट्टा ओढला की तो आणखी फाटतो, आणि खाली हाड मोडलेलं असेल तर पुढचं बोलायलाच नको. तिसऱ्या दिवशी टाचेच्या कडेने निळा-जांभळा पट्टा उमटला. तोही पुष्कळांना घाबरवतो, पण ते वरचंच रक्त वजनाने खाली उतरलेलं असतं.

तीन आठवड्यांत सूज गेली, मी बरा झालो असं धरून चाललो आणि दोन महिन्यांनी घराजवळच्या फुटपाथवर तोच पाय पुन्हा मुरगळला.

लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नव्हे. त्यात मज्जातंतूंची टोकं असतात. सांधा किती कलला याची खबर ती सतत वर धाडतात आणि पोटरीच्या बाहेरच्या कडेचे स्नायू त्याप्रमाणे पाऊल सावरतात. एम. ए. आर. फ्रीमन आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी १९६५ साली मांडलं की लिगामेंटबरोबर ही टोकंही दुखावतात, खबर नीट पोहोचत नाही, म्हणून घोटा पुन्हा पुन्हा दगा देतो. त्यांनी रुग्णांना डुगडुगत्या फळीवर तोल सांभाळायला लावलं आणि त्याचा गुण आला. पुढच्या संशोधनात हे चित्र आणखी गुंतागुंतीचं निघालं, मेंदूचाही त्यात वाटा दिसला, पण तोलाच्या व्यायामाने पुन्हा मुरगळण्याचा धोका कमी होतो, हे वारंवार दिसून आलं आहे. एवढा स्वस्त उपाय, आणि बँडेज सुटलं की तो कुणी करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी दुखणाऱ्या पायावर नुसतं उभं राहायचं, भिंत हाताशी ठेवून. ते जमलं की डोळे मिटून. मग घडी घातलेल्या सतरंजीवर. अगदी शेवटी, पाय दुखत नसेल तर, अंगणात लंगडी.

मी सकाळी दात घासताना करतो, बेसिनच्या काठावर एक हात टेकता येईल एवढ्या अंतरावर. डावा पाय मिनिटभर ढिम्म उभा राहतो. उजवा अजून चाळिसाव्या सेकंदाला थरथरायला लागतो. दिवाळीत तो विसाव्यालाच थरथरत होता.