दारू-नशेच्या उपचारासाठी भरती: पात्रता, कागदपत्रं आणि माणसं जिथून परत फिरतात त्या जागा

वस्तीवरून, तांड्यावरून, विडी घरकुलातून दारू सोडवण्यासाठी पाठवलेली कितीतरी माणसं भरती न होताच घरी परत येतात. घरच्यांना वाटतं, आधार कार्ड नव्हतं म्हणून झालं नाही. खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. समाज आरोग्य परिचर्येचं काम करताना तेच ते घोळ पुन्हा पुन्हा दिसतात, म्हणून ही माहिती.

जायचं कुठे, हे सोपं आहे. सोलापूर शहरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, तिथे मानसोपचार विभाग आहे. तालुक्यातली माणसं आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात दाखवून संदर्भ चिठ्ठी घेऊ शकतात. कुठे जावं हेच कळत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आणि १४४१६ ही टेली-मानस सेवा, दोन्ही मोफत आहेत.

पात्र कोण?

"तो रोज नाही पीत, आठवड्यातून तीनदाच पितो, मग घेतील का?" हा प्रश्न नेहमीचा. व्यसन बाटल्या मोजून ठरत नाही. डॉक्टर सहा गोष्टी बघतात: प्यायची अनावर ओढ, सुरू केल्यावर थांबता न येणं, बंद केल्यावर थरथर-घाम-झोप उडणं, तेवढीच नशा चढायला आधीपेक्षा जास्त लागणं, कामधंदा आणि घर मागे पडणं, आणि नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं. गेल्या वर्षभरात यातल्या तीन किंवा जास्त एकत्र दिसल्या तर ते अवलंबित्व, म्हणजे आजार. हातभट्टी असो, शिंदी असो, गांजा असो की झोपेच्या गोळ्या, निकष हेच. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था मानसिक आजारातच धरल्या आहेत. त्यामुळे उपचार हा या माणसांचा हक्क आहे, कुणी त्यांच्यावर उपकार करत नाही.

मिशरी आणि तंबाखूसाठी सहसा भरती लागत नाही. विड्या वळणाऱ्या बायकांनी ओपीडीत दाखवावं किंवा तंबाखू सोडवण्याच्या १८००-११-२३५६ या हेल्पलाइनवर फोन करावा.

सगळ्यात मोठा घोळ: त्याची संमती

"सिस्टर, त्याला उचलून न्या की एकदाचं." दारात बसून हे म्हणणाऱ्या आईचं दुःख आम्हाला कळतं. तरीही फक्त घरच्यांच्या सहीवर शुद्धीत असलेल्या मोठ्या माणसाला कोंडता येत नाही. याच २०१७ च्या कायद्याच्या कलम ८६ प्रमाणे स्वतःच्या इच्छेने भरती होणाऱ्याची स्वतःची सही किंवा अंगठा लागतो. वडिलांची, बायकोची, सरपंचाची सही त्या जागी चालत नाही. त्यामुळे रिक्षा बोलवण्याच्या आधी त्याच्याशी बोला. सकाळी, उतरलेली असताना, भांडण न करता. इथे गेलेले दोन दिवस वाया जात नाहीत. ओढून नेलेला माणूस फाटकातूनच परत फिरतो आणि पुढच्या वेळी दवाखान्याचं नावही काढू देत नाही.

नकार देणाऱ्यासाठी कलम ८९ आहे, पण त्याची अट कडक आहे. त्याने नुकतीच स्वतःला इजा करण्याची धमकी दिली असेल किंवा तसा प्रयत्न केला असेल, दुसऱ्यावर हिंसक झाला असेल, किंवा स्वतःची काळजी घेण्याची क्षमताच इतकी गेली असेल की जिवाला धोका आहे, तरच ते लागू होतं. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, अशा दोघांनी वेगवेगळं तपासून तसं मत द्यावं लागतं. तपासणी भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांतली हवी. महिन्यापूर्वीचा खासगी डॉक्टरचा कागद घेऊन येणारे इथे अडकतात.

आता 'तीस दिवस' या आकड्याबद्दल. तीस दिवस आत ठेवतातच असा समज आहे, त्या भीतीने कामावरची माणसं येतच नाहीत. कलम ८९ खाली सुरुवातीला जास्तीत जास्त तीस दिवस ठेवता येतं, ही वरची मर्यादा झाली. स्वतःहून भरती झालेला माणूस घरी जायचं म्हणाला तर त्याला सोडावं लागतं. प्रकृती बिघडलेली दिसली आणि कलम ८९ लागू होईल असं वाटलं, तरच तपासणीसाठी चोवीस तासांपर्यंत थांबवता येतं.

अठरा वर्षांखालच्या मुलाची प्रक्रिया वेगळी आहे. त्याला मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि पालक किंवा नेमलेलं माणूस पूर्ण वेळ सोबत हवं. हे आधी ठरवून या, नाहीतर भरतीच्या टेबलावरच कोण थांबणार यावरून वाद सुरू होतो.

कुणाकडेच नसणारा कागद

नामनिर्देशित प्रतिनिधीचा कागद. रुग्ण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तेव्हा त्याच्या वतीने कोण बोलणार, याची ही नोंद. हे नाव ऐकलं की लोक स्टॅम्प पेपर आणायला पळतात, नोटरीला पैसे देतात. काही गरज नाही! कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे: साध्या कागदावर, रुग्णाच्या सही-अंगठ्यानिशी. एवढंच लिहा:

"मी ______, राहणार ______, माझ्या उपचाराबाबत माझा प्रतिनिधी म्हणून ______ (नातं ______) यांना नेमत आहे. सही/अंगठा, तारीख." खाली त्या व्यक्तीची ओळ: "हे मला मान्य आहे."

प्रतिनिधी सज्ञान हवा. हा कागद नसला म्हणून भरती अडत नाही, मग कायद्याने नातेवाईक, नंतर सांभाळ करणारी व्यक्ती असा क्रम लागतो. पण दोन भाऊ आणि बायको तिघांची तीन मतं असली की हाच कागद कामाला येतो.

बाकी कागद साधे: ओळखीचा एक पुरावा, रेशन कार्ड, असेल तर ईएसआय कार्ड, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांच्या पट्ट्या. पिवळं कार्ड नाही म्हणून घरी बसू नका. कलम १८ म्हणतं, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, त्याच्याकडे कार्ड असो वा नसो, आणि बेघराला सरकारी ठिकाणी मानसिक आरोग्याचे उपचार मोफत. खिडकीवर कुणी कार्डासाठी अडवलं तर शांतपणे या कलमाचा आकडा सांगा आणि समाजसेवा अधीक्षकांना भेटा.

संदर्भ चिठ्ठीवर मात्र दोन गोष्टी लिहून घ्याच: शेवटचं कधी प्यायला, आणि रोज किती. लाजेपोटी "थोडीशीच" सांगतात आणि औषधाचा हिशोब चुकतो.

"दोन दिवस कोरडा ठेवून आणा"

असं कुणी सांगितलं असेल तर ऐकू नका. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की काही तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो. नसलेले किडे दिसतात, माणूस कुणालाच ओळखत नाही. गावाकडे याला लागीर म्हणून देवऋष्याकडे नेतात, आणि माणूस हातचा जातो. फिट, भ्रम किंवा ताप दिसला की ओपीडीची वाट न बघता थेट अपघात विभागात न्या, रात्री असलं तरी. तातडीच्या उपचारासाठी कागद नंतर येतात.

तर्र अवस्थेतही आणू नका, तेव्हाची संमती संमती धरली जात नाही. सकाळची वेळ धरा.

जेवणात गुपचूप मिसळायची 'दारू सोडवणारी पावडर' किंवा गोळी देऊ नका. त्यातलं औषध दारूबरोबर गेलं तर रक्तदाब एकदम पडून जीव जाऊ शकतो.

पोलीस आणि खासगी केंद्रं

गांजा किंवा दुसऱ्या अमली पदार्थाची सवय असलेली पोरं पोलिसांच्या भीतीने येत नाहीत. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४अ त्यांच्यासाठी आहे: सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत स्वतःहून उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. उपचाराची माहिती गोपनीय ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे.

खासगी केंद्रात ठेवताना मानसिक आरोग्य कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र बघायला मागा, ते दर्शनी भागात लावलेलं असायला हवं. मानसोपचारतज्ज्ञ कोण, कोणत्या दिवशी येतात, घरच्यांना भेटू देतात का, हे पैसे भरण्याआधी विचारा. साखळीने बांधणं कायद्याने पूर्ण बंद आहे. जिथे बांधतात किंवा मारतात तिथून माणसाला त्याच दिवशी बाहेर काढा.

सुट्टी मिळताना डिस्चार्ज कार्डावर पुढची तारीख आणि गोळ्या किती दिवसांच्या, हे वाचून घ्या. त्या कार्डाची झेरॉक्स आशाताईंकडे किंवा उपकेंद्राच्या सिस्टरकडे द्या, म्हणजे तारीख चुकली तर कुणीतरी दारात येऊन विचारेल. पुन्हा प्यायला लागला तरी तो भरतीसाठी अपात्र ठरत नाही. तेच कार्ड घेऊन या, नवीन चिठ्ठीची गरज नाही.