विज्ञान संग्रहालये : प्रेरणा आणि जीवनावरील प्रभाव

विज्ञान संग्रहालय म्हणजे विज्ञान व तंत्रज्ञानातील यंत्रे, नमुने आणि प्रयोग सर्वसामान्यांना पाहता, हाताळता व करून बघता यावेत यासाठी उभारलेली सार्वजनिक संस्था. जुनी उपकरणे जतन करणारी संग्रहालये आणि संग्रह असा फारसा नसलेली, प्रयोगांच्या मांडणीवर चालणारी विज्ञान केंद्रे असे तिचे दोन ढोबळ प्रकार आहेत. व्यापक अर्थाने तारांगणे आणि निसर्गेतिहास संग्रहालयेही त्यांत येतात. या संस्था माणसांची आयुष्ये घडवतात असे नेहमी म्हटले जाते, आणि ते खोटे नाही. मात्र बाहेर पडणाऱ्याला किती माहिती आठवते यावरून हा परिणाम मोजायला गेले तर हाती फारसे काही लागत नाही. विज्ञान आपल्यालाही जमण्यासारखे आहे, असे त्याला वाटू लागले का, हा खरा प्रश्न असतो.

पाहण्याकडून हाताळण्याकडे

सुरुवातीचा हेतू प्रेरणेचा नव्हताच, उपयोगाचा होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९४ साली, पॅरिसमध्ये कला व हस्तव्यवसायांसाठी एक संस्था स्थापन झाली. तिथे यंत्रे आणि अवजारे गोळा करायची आणि ती कशी चालतात हे कारागिरांना दाखवायचे, अशी कल्पना होती. लंडनमध्ये १८५१ च्या महाप्रदर्शनानंतर १८५७ मध्ये साउथ केन्सिंग्टन म्युझियम उघडले. त्यातून १९०९ मध्ये सायन्स म्युझियम स्वतंत्र झाले. १८५१ याच वर्षी फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लेआँ फूको याने पॅरिसच्या पँथेऑन या भव्य इमारतीच्या घुमटाखाली ६७ मीटर लांब तारेला २८ किलोचा गोळा टांगला आणि पृथ्वी फिरते हे येणाऱ्या-जाणाऱ्याला उघड्या डोळ्यांनी दाखवले. लंबकाची झुलण्याची दिशा तासाला सुमारे ११ अंशांनी सरकताना दिसत होती. या लंबकाच्या प्रतिकृती आज जगभरच्या विज्ञान संग्रहालयांत आहेत, आणि भोवती वर्तुळात उभ्या केलेल्या खुंट्यांपैकी पुढची खुंटी लंबकाने पाडेपर्यंत लोक अजूनही तिथे ताटकळत उभे राहतात.

म्युनिकचे डॉइचेस म्युझियम ही या वाटेवरची मोठी पायरी. विद्युत अभियंता ओस्कर फॉन मिलर याने ते १९०३ मध्ये स्थापन केले, आणि इझार नदीतील बेटावरची त्याची इमारत १९२५ मध्ये खुली झाली. आतले दिसावे म्हणून कापून ठेवलेली इंजिने, प्रेक्षकाने स्वतः चालवायच्या प्रतिकृती, जमिनीखाली उभारलेली कोळशाची खाण हे सगळे तिथे होते. आधुनिक प्रक्षेपक-तारांगणाचे पहिले प्रात्यक्षिकही १९२३ मध्ये याच संस्थेत झाले. शिकागोचा उद्योगपती ज्युलियस रोझनवॉल्ड १९११ मध्ये आपल्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन म्युनिकला गेला असता मुलगा त्या संग्रहालयातून हलायला तयार होईना. आपल्या गावातही असे काही असावे हे बापाच्या मनात तिथेच भरले, आणि १९३३ मध्ये शिकागोचे विज्ञान व उद्योग संग्रहालय उघडले. म्युनिकसारखी कोळशाची खाणही तिथे आली.

फ्रँक ओपनहायमर आणि एक्सप्लोरेटोरियम

आजच्या विज्ञान केंद्राचा साचा घडला तो सॅन फ्रान्सिस्कोत, आणि त्यामागे एका माणसाचे मोडलेले करिअर आहे. फ्रँक ओपनहायमर हा रॉबर्ट ओपनहायमरचा धाकटा भाऊ. तोही भौतिकशास्त्रज्ञ होता आणि अणुबाँबच्या प्रकल्पात त्यानेही काम केले होते. १९४९ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीपुढे त्याने आपण पूर्वी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य असल्याचे कबूल केले, पण इतरांची नावे सांगायला नकार दिला. मिनेसोटा विद्यापीठातली नोकरी गेली आणि इतर विद्यापीठांची दारेही बंद झाली. पुढची बरीच वर्षे त्याने कोलोरॅडोत गुरे पाळली, आणि नंतर पगोसा स्प्रिंग्ज या तिथल्याच लहानशा गावातल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायला घेतले. विद्यापीठात परतल्यावर त्याने विद्यार्थ्यांना हवे तेव्हा येऊन करता येतील असे प्रयोग कायमचे मांडून ठेवले. १९६५ मध्ये तो युरोपला गेला आणि तिथली विज्ञान संग्रहालये त्याने बारकाईने पाहिली.

१९६९ मध्ये, एका जुन्या प्रदर्शनातून उरलेल्या अवाढव्य दालनात, त्याने एक्सप्लोरेटोरियम सुरू केले. फारसा गाजावाजा न करता त्याने दारे उघडली आणि लोक आत येऊ लागले. प्रयोग जिथे तयार होत ती कार्यशाळाही त्याने प्रेक्षकांसमोर उघडी ठेवली, म्हणजे लाकूड, पत्रा, मोटारी यांतून वस्तू कशी घडते आणि मोडली की कशी दुरुस्त होते, हेही दिसे. यशस्वी मांडण्यांची कृती त्याने गुपित राखली नाही. ‘कुकबुक’ या नावाने ती छापून इतरांना दिली, आणि जगभरातल्या केंद्रांनी त्यावरून आपापल्या मांडण्या बनवल्या. एका केंद्रात पाहिलेला प्रयोग हजारो किलोमीटरवरच्या दुसऱ्या केंद्रात भेटतो, त्याचे कारण हे. संग्रहालयात कुणी नापास होत नाही, हे तो आवर्जून सांगत असे. स्वतः व्यवस्थेकडून नापास ठरवला गेलेला हा माणूस होता, आणि म्हणून हे म्हणणे त्याच्या तोंडी पोकळ वाटत नाही.

एक मांडणी जवळून

या विचाराचा अर्थ अशा केंद्रांत आढळणाऱ्या अनुनादाच्या, म्हणजे लय साधून दिलेल्या हलक्या ओढींनी झोका वाढत जाण्याच्या, लंबकावरून चांगला कळतो. एक अतिशय जड वजन टांगलेले असते. जवळ दोरीला बांधलेले दुबळे चुंबक असते, आणि त्याने ते वजन हलवायचे असते. येणारा माणूस प्रथम चुंबक चिकटवून जोराने ओढतो, तर चुंबक टक्कन सुटते. तो आणखी जोर लावतो आणि चुंबक आणखी लवकर सुटते. मोठी माणसे बहुधा इथेच नाद सोडतात. एखादे मूल मात्र हलकेच ओढून बघते, तेव्हा वजन केसभर हलते. ते दूर जाताना दोरी सैल सोडायची, आपल्याकडे येऊ लागले की पुन्हा हलका ताण द्यायचा. झोका वाढत जातो आणि थोड्या वेळाने माणसाहून जड वस्तू दोन बोटांच्या ओढीने मोठा हेलकावा घेऊ लागते. जोर कामाचा नाही, वेळ साधणे कामाचे, हे कुणी सांगितलेले नसते. फलक नंतर वाचला जातो, किंवा वाचला जातच नाही.

यातले शिक्षण सूत्राचे नाही. अनुनादाची व्याख्या त्या मुलाला दुसऱ्या दिवशी सांगता येईलच असे नाही. पण आपण काहीतरी करून पाहिले, ते फसले, पद्धत बदलली आणि ते साधले, हा क्रम त्याच्या हाताने अनुभवलेला असतो. उलट, बटण दाबले की दिवा लागतो एवढ्यावर थांबणाऱ्या मांडण्याही संग्रहालयांत रगड असतात. मुले अशी दहा बटणे दाबत दालनभर पळतात आणि हाती काही उरत नाही. हाताळता येणे आणि विचार करावा लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक नवी केंद्रे पहिलीवर खूश राहून दुसरी विसरतात.

गाजलेल्या आठवणी

पुढे मेंदूविकारतज्ज्ञ आणि लेखक झालेले ऑलिव्हर सॅक्स यांनी अशा एका भेटीची आठवण लिहून ठेवली आहे. युद्धकाळात बंद असलेले लंडनचे सायन्स म्युझियम १९४५ मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा ते बारा वर्षांचे होते. तिथे मूलद्रव्यांच्या प्रत्यक्ष नमुन्यांनी भरलेली भव्य आवर्तसारणी त्यांनी पाहिली, आणि सृष्टीच्या पसाऱ्याखाली खरोखरच एक व्यवस्था आहे याची त्यांना खात्री पटली. जीवाश्मतज्ज्ञ स्टीफन जे गूल्ड पाच वर्षांचे असताना वडिलांबरोबर न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयात गेले होते. तिथल्या टिरॅनोसॉरस या डायनोसॉरच्या सांगाड्याने ते आधी घाबरले आणि मग त्याच्याच मागे लागले. खगोलभौतिकज्ञ नील डिग्रास टायसन नऊ वर्षांचे असताना त्याच शहरातल्या हेडन तारांगणात गेले. ब्राँक्समधल्या घराच्या गच्चीवरून मोजके तारे दिसत, त्यामुळे घुमटावरचे हजारो तारे त्यांना आधी बनावट वाटले. १९९६ मध्ये ते त्याच तारांगणाचे संचालक झाले.

या कथा खऱ्या आहेत, पण पुरावा म्हणून त्या दुबळ्या आहेत. तोच सांगाडा पाहून घरी गेलेली आणि पुढे हिशेबनीस वा सुतार झालेली लाखो मुले आठवणी लिहीत नाहीत. शिवाय विज्ञानाची ओढ असलेली घरेच मुलांना संग्रहालयात नेतात. मग ओढ भेटीने लागली की भेट ओढीमुळे झाली, हे वेगळे काढणे अवघड जाते. संशोधनातली ही जुनी डोकेदुखी आहे.

लवकर जागलेल्या आवडीला मोल आहे, याला मात्र बऱ्यापैकी आधार आहे. रॉबर्ट ताय आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या दीर्घकालीन पाहणीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. तिशीत आपण विज्ञानाशी संबंधित काम करत असू, असे आठवीत असताना म्हणणाऱ्या मुलांनी पुढे भौतिक विज्ञाने किंवा अभियांत्रिकीची पदवी घेण्याचे प्रमाण इतरांच्या ३ पटींहून अधिक होते. जीवविज्ञानांत ते जवळपास दुप्पट होते. ही पाहणी संग्रहालयांची नव्हती. पण आवड ज्या वयात रुजते त्याच वयात मुले संग्रहालयात येतात, एवढे त्यावरून म्हणता येते.

बरोबर कोण आहे

संग्रहालयात माणूस सहसा एकटा जात नाही, आणि बरोबरच्या माणसाचा वाटा मांडणीइतकाच असतो. २००१ मध्ये केव्हिन क्रॉउली आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका बालसंग्रहालयात आईवडील मुलांशी काय बोलतात ते नोंदवले. मुलगे आणि मुली सारख्याच उत्साहाने मांडण्या हाताळत होते. पण हे असे का होते, हे समजावून सांगण्याचे प्रमाण मुलींच्या तुलनेत मुलग्यांच्या बाबतीत सुमारे तिप्पट निघाले. कोणत्याही पालकाला विचारले असते तर आपण भेदभाव करतो असे त्याने मान्य केले नसते. दार सगळ्यांना सारखे उघडे असूनही आत गेल्यावर अनुभव सारखा राहत नाही, याचा इतका उघड पुरावा क्वचितच मिळतो.

दार तरी सगळ्यांना सारखे उघडे असते का, हाही प्रश्नच आहे. संग्रहालयांचा प्रेक्षक अनेक देशांत सुशिक्षित आणि सुस्थित घरांतला असतो. लंडनमधल्या स्थलांतरित व गरीब वस्त्यांतील गटांबरोबर एमिली डॉसन यांनी केलेल्या अभ्यासात लोकांचा सूर ‘ही जागा आपल्यासारख्यांसाठी नाही’ असा होता. फलकांची भाषा, प्रदर्शनात दिसणारे चेहरे, तिकिटाची भीती, कर्मचाऱ्यांच्या नजरा यांतून हा निरोप पोचतो, आणि प्रवेश फुकट केल्याने तो पुसला जात नाही. संग्रहालयच लोकांकडे नेणे हा एक उपाय. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालयाने १९६५ मध्ये फिरते विज्ञान प्रदर्शन सुरू केले आणि बसमधून मांडण्या खेडोपाडी नेल्या. पुढे भारतात या पद्धतीचा मोठा विस्तार झाला.

सांगणारी मुले

सर्वांत खोल परिणाम प्रेक्षकांवर होत नसावा, तो संग्रहालयात काम करणाऱ्या तरुणांवर होतो असे म्हणायला जागा आहे. एक्सप्लोरेटोरियमने सुरुवातीपासून माध्यमिक शाळेतली मुले पगारावर ठेवली. त्यांनी दालनात फिरायचे, प्रयोग दाखवायचे, प्रश्नांना उत्तरे द्यायची. निवडताना विज्ञानातले गुण पाहिले जात नसत. सोळा वर्षांच्या मुलीपुढे आजोबांच्या वयाचा अनोळखी माणूस येऊन ‘हे असं का?’ विचारतो आणि तिला उत्तर येत नसते, मग दोघे मिळून बघू लागतात. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा माजी मुलांना वर्षांनंतर गाठले गेले. विज्ञानाबद्दलची आवड वाढल्याचे त्यांनी सांगितलेच, पण लोकांशी बोलण्याचा आणि शिकवण्याचा आत्मविश्वास आला, हेही ठळकपणे सांगितले. त्यांचा सहवास काही तासांचा नसून महिनोन्‌महिन्यांचा होता, आणि त्यांच्यावर जबाबदारी होती. या दोन्ही गोष्टी एका सहलीत मिळत नाहीत.

मर्यादा

संग्रहालय बहुधा निर्विवाद झालेले विज्ञान दाखवते. वाद, पैसा आणि सत्ता यांच्याशी विज्ञानाचे असलेले नाते काचेमागे सहसा येत नाही. ते आणू पाहिले तर काय होते, हे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वायू व अवकाश संग्रहालयात दिसले. हिरोशिमावर अणुबाँब टाकणाऱ्या ‘इनोला गे’ विमानाभोवती बाँबच्या परिणामांचीही मांडणी करण्याचा बेत होता. माजी सैनिकांच्या संघटना आणि राजकारणी यांच्या विरोधामुळे तो गुंडाळावा लागला. १९९५ मध्ये संचालक मार्टिन हार्विट यांनी राजीनामा दिला, आणि विमानाचा पुढचा भाग फारसे भाष्य न करता मांडला गेला. खनिज तेल कंपन्यांनी विज्ञानाची प्रदर्शने पुरस्कृत करावीत का, यावर लंडनमध्ये अलीकडच्या वर्षांत झालेल्या निदर्शनांत तरुणांचा भरणा होता. त्यांच्यातले काही त्याच दालनांत शाळेच्या सहलीने येऊन गेलेले असणार, हे वेगळे सांगायला नको.