मेलॅटोनिन : मुखकर्करोगातील पूरक उपचार

मेलॅटोनिन हे मेंदूतील पीनियल ग्रंथीतून अंधार पडल्यावर स्रवणारे संप्रेरक आहे. मुखकर्करोगात त्याचा विचार होतो तो मुख्य उपचारांना जोड म्हणून. गाठ काढतात किंवा नष्ट करतात शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि केमोथेरपी. ते उपचार रुग्णाला सोसावेत, अर्ध्यावर सुटू नयेत, एवढ्यासाठी मेलॅटोनिन वापरून पाहिले जाते. हा फरक आधीच स्पष्ट करावा लागतो, कारण ‘झोपेच्या गोळीने (म्हणजे मेलॅटोनिनने) कॅन्सर बरा होतो’ असे मोबाइलवर फिरणारे निरोप वाचून कोणी शस्त्रक्रिया पुढे ढकलली, तर गेलेला वेळ परत मिळत नाही.

येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ आरॉन लर्नर यांनी 1958 मध्ये हे संप्रेरक गुरांच्या पीनियल ग्रंथींतून वेगळे केले. ते शोधत होते बेडकाची कातडी फिकट करणारा घटक. झोपेशी आणि दिवसरात्रीच्या चक्राशी असलेले त्याचे नाते नंतर उलगडले. शरीर ते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून, सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनामार्गे तयार करते. लाळेतही ते उतरते.

भारतीय पुरुषांत मुखकर्करोग सर्वाधिक आढळतो. तंबाखू-चुना, गुटखा, विदर्भातला खर्रा ही त्याची ओळखीची कारणे. नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरली आहे. बऱ्याच रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर आठवड्यातून 5 दिवस, सुमारे 6 आठवडे रेडिएशन घ्यावे लागते. रुग्ण त्याला ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात. दुसऱ्या आठवड्यात तोंड लाल होते, मग गालाच्या आतली आणि जिभेची त्वचा सोलवटते. मीठ घातलेली पेजसुद्धा झोंबते, लाळ दोऱ्यासारखी चिकट होते, घोटभर पाणी गिळताना डोळ्यांत पाणी येते. काहींना नाकातून नळी घालावी लागते. वेदनेने शेक मध्येच थांबला तर उरलेल्या कर्कपेशींना वाढायला सवड मिळते. म्हणूनच ‘तोंड येणे’ ही किरकोळ तक्रार मानून चालत नाही.

मेलॅटोनिनची खरी आशा इथे आहे. किरणोत्सारामुळे निरोगी पेशींत घातक ऑक्सिजन-रेणू साचतात आणि दाह भडकतो. मेलॅटोनिन हे रेणू शमवते, पेशींतील ऊर्जाकेंद्रांना जपते. प्रयोगशाळेत मात्र मुखकर्करोगाच्या पेशींत फार मोठ्या मात्रेत ते उलटे वागलेले दिसते : त्याच रेणूंचा भार वाढवून ते पेशीला सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधापुढे दुबळे करते. हा दुहेरी स्वभाव संशोधकांना मोहवतो. पण बशीतली मात्रा आणि गोळी गिळल्यावर रक्तात उरणारी मात्रा यांत प्रचंड अंतर आहे. तोंडावाटे घेतलेल्या मेलॅटोनिनचा मोठा भाग यकृतातच संपतो, आणि उरलेलेही सुमारे तासाभरात निम्मे होते.

माणसांवरचे प्रयोग थोडे आणि लहान आहेत. थायलंडमध्ये डोके-मानेच्या कर्करोगाच्या 39 रुग्णांवर झालेल्या चाचणीत 20 मिलिग्रॅमच्या गुळण्या आणि रात्री 20 मिलिग्रॅमच्या कॅप्सूल दिल्या गेल्या. गंभीर व्रण उशिरा आले, मॉर्फिनही कमी लागले. स्पेनमधील 84 रुग्णांच्या चाचणीत 3 टक्के मेलॅटोनिनचे जेल वापरले. तिथे कल अनुकूल होता, पण फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. या आकड्यांवरून मेलॅटोनिनला आशादायक म्हणता येते, सिद्ध नाही. तोंडाच्या व्रणांसाठी आज जास्त भक्कम पुरावा आहे तो कमी शक्तीच्या लेझरचा आणि बेंझिडामिन या दाहशामक औषधाच्या गुळण्यांचा. मेलॅटोनिन आयुष्य वाढवते, असे मुखकर्करोगात दिसून आलेले नाही.

झोपेचा लाभ मात्र कमी लेखू नये. वेदना, वॉर्डातले रात्रभर जळणारे दिवे आणि घरच्यांची काळजी यांनी रुग्णाची रात्र मोडते. झोप लागली की सकाळच्या शेकासाठी उठण्याची उभारी राहते.

गुंगी, डोकेदुखी, मळमळ हे नेहमीचे दुष्परिणाम. वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, आणि फ्लुवॉक्सामिन या नैराश्यावरील औषधाने रक्तातील मेलॅटोनिन कैकपटींनी चढते. विडी-सिगारेटचा धूर यकृतातील विकर (एन्झाइम) चेतवून ते घटवतो. म्हणजे उपचारादरम्यान धूम्रपान चालूच ठेवणाऱ्याला तीच गोळी कमी लागू पडते. दुकानातल्या गोळीचाही भरवसा नसतो. कॅनडात 2017 साली 31 उत्पादने तपासली, तेव्हा वेष्टनावर लिहिलेल्या मात्रेपेक्षा कुठे 83 टक्के कमी, तर कुठे 478 टक्के जास्त मेलॅटोनिन निघाले, आणि 8 उत्पादनांत सेरोटोनिन सापडले. त्यामुळे गोळी सुरू करण्याआधी तिचे पाकीटच उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावे.